नागिणीनंतरची आग आणि 'जीन थेरपी'चं कोटेशन

मीनल_मिरज

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितेय, कारण या आठवड्यात निर्णय घ्यायचाय आणि घरात रोज त्यावरून वाद चाललेत.

आई ६८ वर्षांची. गेल्या दिवाळीनंतर तिला नागीण झाली. उजव्या बाजूला, छातीखालून पार पाठीच्या मणक्यापर्यंत पट्टा. गल्लीतल्या बायका "दोन्ही तोंडं जुळली की संपलं" म्हणून घाबरवून गेल्या, एकीने काव लावायला आणून दिली. दवाखान्यातल्या गोळ्या सुरू झाल्या तोवर फोड येऊन आठवडा होत आला होता. फोड सुकले, खपल्या पडल्या, काळपट डाग राहिले. बघायला येणारे सगळे म्हणाले, झालं, सुटली बाई. आग मात्र अजून तशीच आहे.

ती कशी ते सांगते, कारण ओपीडीत नंबर लागला की दोन मिनिटांत हे सांगून होत नाही. आईला ब्लाउज घालवत नाही. जुन्या धुऊन मऊ झालेल्या गाऊनवरच असते. पदर किंवा चादर त्या जागेवरून नुसती सरकली तरी श्वास रोखून धरते. पंख्याच्या वाऱ्याने चटका बसतो म्हणून मे महिन्यात तिच्या खोलीत पंखा बंद होता. आणि नवल म्हणजे त्याच जागी तळहात घट्ट दाबून धरला की तिला बरं वाटतं. आलंगेलं कोणी बसलेलं असलं तरी डावा हात उजव्या बरगडीवर धरूनच ती बोलते. भजनाला जाणं बंद झालं, कारण तिथे दाटीवाटीत कुणाचा तरी धक्का लागतो.

नसदुखीची गोळी, प्रीगाबालिन ७५, सकाळ-संध्याकाळ चालू आहे. सकाळच्या गोळीने गरगरतं म्हणून बऱ्याचदा ती खातच नाही आणि मला सांगतही नाही.

आता मुद्दा. ताईच्या मिस्टरांनी कुठेतरी वाचलं की अमेरिकेत दुखण्याचा जीनच बंद करतात. मग त्यांनी एक खाजगी क्लिनिक शोधून काढलं. आम्ही आईला घेऊन गेलो. तिथल्या काउन्सेलर मुलीने लॅपटॉपवर डीएनएची फिरती चित्रं दाखवली आणि हातात कागद दिला. त्यावर जसं आहे तसं लिहिते: "पेन जीन सायलेन्सिंग थेरपी. ३ सिटिंग. रु. २,८०,०००. रुग्णाच्या स्वतःच्या रक्तातून तयार केलेले घटक. साइड इफेक्ट नाहीत." पन्नास हजार भरून नाव नोंदवलं तर सवलत आहे म्हणे, तीही महिनाअखेरपर्यंतच. आईची एफडी मोडायची तयारी आहे. ती स्वतःच म्हणते, "मोड, पण हे थांबव."

दुखण्यावर जीन थेरपी खरंच आहे का? असेल तर ती हीच का? आणि नसेल तर आईला मी काय सांगू?

राजाराम_वाई

मीनलताई, आमच्या वडिलांनाही नागिणीनंतर हाच त्रास झाला होता, कपाळावर आणि डोळ्याभोवती. पुष्कळ महिने गेले, पण कमी झालं. गोळ्या बदलून बदलून एक जमली. जीन थेरपीचं मला काही कळत नाही. 'साइड इफेक्ट नाहीत' असं लिहून देणाऱ्यावर मात्र मी विश्वास ठेवला नसता. साध्या क्रोसिनच्या पाकिटातसुद्धा साइड इफेक्ट छापलेले असतात.

भूलतज्ज्ञ_नाशिक

मीनल, पन्नास हजार भरू नका. आधी हे, बाकीचं सावकाश वाचा.

मी भूलतज्ज्ञ आहे आणि बरीच वर्षं पेन क्लिनिक चालवते. तुमच्या आईसारखे पेशंट माझ्याकडे नेहमी येतात, हात छातीवर तसाच धरून. हलक्या स्पर्शाने आग आणि घट्ट दाबल्यावर आराम, ही खूण इतकी नेमकी आहे की ते वाचताच पट्टा कसा गेला असेल ते डोळ्यापुढे आलं. हे नाटक नाही, मनाचे खेळ नाहीत. हे घरातल्या सगळ्यांना सांगा.

तुमच्या कागदावर "स्वतःच्या रक्तातून तयार केलेले घटक" असं आहे. म्हणजे रक्त काढायचं, यंत्रात फिरवायचं, प्लेटलेट असलेला भाग वेगळा करून टोचायचा. याला पीआरपी म्हणतात. त्यात कुठलाही जीन आत जात नाही, कुठलाही बंद होत नाही. नागिणीनंतरच्या वेदनेसाठी मंजूर झालेली जीन थेरपी आज भारतात नाही, अमेरिकेत नाही, कुठेच नाही.

ताईच्या मिस्टरांनी वाचलेली बातमी मात्र खोटी नाही, आणि ते काम मला फार मोलाचं वाटतं. म्हणून ते नीट सांगते.

२००६ साली केंब्रिजच्या जेफ्री वुड्स यांच्या गटाने उत्तर पाकिस्तानातल्या तीन कुटुंबांचा अभ्यास छापला. त्यांतल्या मुलांना जन्मापासून वेदना म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. स्पर्श कळायचा, गरम-गार कळायचं, दुखायचं मात्र नाही. शोध सुरू झाला तो एका मुलापासून, जो रस्त्यावर खेळ करायचा, दंडातून सुरी आरपार घालायचा, निखाऱ्यांवर चालायचा. चौदावा वाढदिवस यायच्या आत घराच्या छपरावरून उडी मारून तो मरण पावला. बाकीच्या मुलांच्या जिभा आणि ओठ त्यांच्याच दातांनी चावले गेलेले, हाडं मोडलेली. या सगळ्यांत एससीएन९ए नावाचा एक जीन बिघडलेला सापडला. वेदनेच्या नसांमध्ये सोडियम आत घेणारी एक वाट असते, नॅव्ह १.७. ती हा जीन बनवतो. वाट बंद, तर नसेतून वेदनेचा संदेशच निघत नाही. याच जीनमध्ये उलटा बिघाड झाला, वाट जास्त उघडी राहिली, तर हातपाय लाल होऊन भाजल्यासारखे जळतात, तेही घराण्यात चालत येतं.

मग साहजिकच सगळे नॅव्ह १.७ अडवणारी गोळी शोधायला धावले. मोठमोठ्या कंपन्या होत्या. फायझरची गोळी मधुमेहाच्या नसदुखीत तपासली गेली आणि अपेक्षेइतकी चालली नाही. हृदयात, स्नायूंत, मेंदूत याच्याच सख्ख्या बहिणी असलेल्या वाटा आहेत. त्यांना धक्का न लावता नेमकी हीच अडवायची, तीही पुरेशी, हे गोळीला जमेना.

इथे जीन थेरपी आली. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रशांत माली आणि अ‍ॅना मोरेनो यांनी २०२१ मध्ये उंदरांवरचं काम प्रसिद्ध केलं. क्रिस्परचं नाव आपण ऐकतो ते डीएनए कापण्यासाठी. यांनी कात्री बोथट केलेलं क्रिस्पर वापरलं, जे त्या जीनवर जाऊन नुसतं बसतं आणि त्याचं काम कमी करतं. पंख्याचा रेग्युलेटर चारावरून एकावर आणावा तसं, वायर न तोडता. ते एएव्ही नावाच्या निरुपद्रवी विषाणूत भरून पाठीतून, मणक्यातल्या पाण्यात टोचलं. सूज आणून दुखवलेल्या उंदरांत परिणाम ४४ आठवडे टिकला, केमोच्या औषधाने नसा दुखावलेल्यांत १५ आठवडे. उंदराच्या आयुष्यात ४४ आठवडे म्हणजे पुष्कळ.

माणसांपर्यंतही हे पोचतंय. सांगामो नावाच्या कंपनीला २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, याच जीनला दाबणारं एसटी-५०३ हे औषध माणसांवर तपासायला परवानगी दिली. तेही पाठीतूनच द्यायचं, एकदाच. पण ते बारीक नसांच्या एका वेगळ्या आजारासाठी आहे, नागिणीसाठी नाही, आणि चाचणीच्या अगदी पहिल्या पायरीवर आहे.

घाई का करत नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मणक्याच्या दोन्ही बाजूंना, प्रत्येक नसेच्या मुळाशी एक गाठ असते. वेदना वाहणाऱ्या पेशींचं घर तिथे. औषध पोचवायचं ते तिथेच. पण एएव्ही मोठ्या मात्रेत पाठीतून दिल्यावर माकडांच्या नेमक्या याच गाठींतल्या पेशी मेल्याचं सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं आहे. बहुतेक माकडांना वरून काही त्रास दिसला नाही, पण ज्या गाठीत आधीच नुकसान झालंय तिथे किती मात्रा चालेल हे सावकाशच ठरवावं लागणार. शिवाय एकदा दिलेलं हे औषध गोळीसारखं बंद करता येत नाही. आणि एकदा शरीराने त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं बनवली की पुन्हा तेच देणं अवघड. कित्येकांत ती आधीपासूनच असतात.

आता नागिणीविषयी. लहानपणी कांजिण्या झाल्या की तो विषाणू जात नाही, नसेच्या मुळाशी असलेल्या त्याच गाठीत वर्षानुवर्षं झोपून राहतो. वयात प्रतिकारशक्ती उतरली की जागा होतो आणि नसेवरून त्वचेपर्यंत येतो, म्हणून पट्टा एकाच बाजूला आणि एकाच नसेच्या वाटेवर. तोंडं जुळण्याचा आणि जीव जाण्याचा काही संबंध नाही. याच विषाणूंच्या घराण्यातला दुसरा एक, तोंडावर फोड आणणारा हर्पीस, त्वचेतून उलटा प्रवास करून गाठीत शिरतो. मिशिगन विद्यापीठाच्या डेव्हिड फिंक यांनी त्याचा हाच गुण कामाला लावला. विषाणूची वाढण्याची ताकद काढून घेतली, त्यात शरीराचं स्वतःचं वेदनाशामक, एन्केफॅलिन, बनवणारा जीन घातला आणि दुखऱ्या पट्ट्याच्या कातडीत टोचला. विषाणू आपल्या सवयीने नसेतून गाठीपर्यंत गेला. २०११ मध्ये छापलेल्या या चाचणीत कॅन्सरचे १० पेशंट होते, मोठ्या मात्रेत मॉर्फिन घेऊनही ज्यांचं दुखणं आवरत नव्हतं असे. कमी मात्रेत फारसा फरक नाही, मधल्या आणि जास्त मात्रेत लोकांनी दुखणं कमी झाल्याचं सांगितलं. गंभीर अपाय कुणालाच नाही. पण १० माणसं, आणि तुलनेला खोटं औषध दिलेला गट नव्हता. दुखणं अशी गोष्ट आहे की नुसत्या पाण्याच्या इंजेक्शनने आणि आशेनेही काही आठवडे कमी होतं. म्हणून अशा गटाशिवाय काहीच नक्की म्हणता येत नाही. ते औषध आजही बाजारात आलेलं नाही.

तर आईला असं सांगा: हे खरं आहे, माणसं त्यावर मन लावून काम करताहेत, पण अजून विकत मिळत नाही, आणि जे विकत मिळतंय ते हे नाही. एफडी राहू दे.

आणि एक. भारतात खरी चाचणी असेल तर पहिला पेशंट घेण्याआधी तिची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंद करावीच लागते. ती इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येते. क्लिनिकला तो नंबर विचारा. नैतिक समितीचं पत्र विचारा. आणि ज्या औषधाची अजून परीक्षा चालू आहे त्याचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत, आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची तत्त्वं तेच सांगतात.

गोळ्यांचं पुढच्या प्रतिसादात लिहिते, ओपीडी आहे.

मीनल_मिरज

डॉक्टर, वाचून रडू आलं, खरंच. आईला मोठ्याने वाचून दाखवलं. "नाटक नाही" या वाक्याला तिने मला थांबवून पुन्हा वाचायला लावलं.

क्लिनिकला फोन करून सीटीआरआय नंबर विचारला. काउन्सेलर म्हणाली, "मॅडम, तो रिसर्चवाल्यांसाठी असतो, आपली थेरपी प्रूव्हन आहे." मग सरांना विचारते म्हणाली आणि फोन ठेवला. पैसे भरले नाहीत. ताईच्या मिस्टरांनाही तुमचा प्रतिसाद पाठवला. ते विचारताहेत, अमेरिकेत नॅव्ह १.८, म्हणजे नॅव्ह १.७ सारखीच दुसरी वाट, अडवणारी नवी गोळी आलीय ती तरी मागवता येईल का?

चामोर्शीकर

राम राम. हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. दुखण्यावर जीन थेरपी कुठेच नाही असं कोणी समजू नये, म्हणून.

माझी धाकटी बहीण सिकलसेलची पेशंट, एसएस पॅटर्न, म्हणजे आईवडील दोघांकडून बिघडलेला जीन आलेली. आमच्या गडचिरोली-चंद्रपूर पट्ट्यात गावोगावी हा आजार आहे. ज्यांनी सिकलचं दुखणं पाहिलं नाही त्यांना सांगतो. रोवणीच्या दिवसांत ती एकदा पावसात भिजली, रात्री मांडीत दुखायला सुरुवात झाली. पहाटेपर्यंत पाठ, छाती, दोन्ही पाय. तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होऊन बारीक नळ्यांमध्ये अडकतात आणि पुढच्या हाडाला रक्तच मिळत नाही. ती ओरडत नाही. भिंतीकडे तोंड करून डोकं भिंतीवर टेकवून ठेवते, आणि माझ्या शर्टाची बाही मुठीत धरते. दवाखान्यात एका सिस्टरने तिच्यासमोरच म्हटलं होतं, हिला इंजेक्शनची सवय लागली आहे. बाविशीतल्या पोरीला.

तर या आजारावर जीन थेरपी मंजूर झालेली आहे. कॅसजेव्ही नाव. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आधी मंजुरी दिली, डिसेंबरमध्ये अमेरिकेने. व्हिक्टोरिया ग्रे नावाच्या मिसिसिपीतल्या बाईवर २०१९ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा झाली. तान्ही असल्यापासून तिला हेच दुखणं. चाचणीत ज्यांच्यावर पुरेसा काळ लक्ष ठेवता आलं अशा ३१ जणांपैकी २९ जणांना सलग निदान वर्षभर मोठा झटका आला नाही. मी हा आकडा कितीदा वाचला असेल. किंमत २२ लाख डॉलर. म्हणजे अठरा कोटींच्या वर. आमच्या अख्ख्या गावाची जमीन विकून होणार नाही.

मॅडम, बहिणीला हायड्रॉक्सीयुरिया चालू आहे, झटके कमी झालेत. आमच्यासारख्यांसाठी पुढे काही दिसतं का, एवढंच विचारायचं होतं.

भूलतज्ज्ञ_नाशिक

चामोर्शीकर, बरं झालं लिहिलंत. माझ्या लिहिण्यातून ही बाजू सुटली असती.

सिकलमध्ये वेदनेचं मूळ एकाच जीनमधल्या एका चुकीत आहे, आणि ते रक्त बनवणाऱ्या पेशींत आहे. त्या पेशी शरीराबाहेर काढता येतात. कॅसजेव्हीमध्ये तेच करतात. पेशी काढून प्रयोगशाळेत बीसीएल११ए नावाच्या जीनचा एक स्विच तोडतात. त्यामुळे जन्मानंतर बंद पडलेलं गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं आणि पेशी वाकड्या होत नाहीत. वेदनेच्या नसेला कुणी हातच लावत नाही, झटक्याचं कारणच जातं. मीनल यांच्या आईची गोष्ट वेगळी, तिथे नसच जखमी झालीय, गाठीतल्या पेशी मेल्यात, मणक्यातली पुढची साखळी उगाच जागी राहायला शिकलीय. म्हणून तिथे एक जीन धरून काम भागत नाही.

पण कॅसजेव्ही सोपी नाही हेही सांगायला हवं. सुधारलेल्या पेशी परत घालण्याआधी बुसल्फान हे केमोचं औषध देऊन जुनी अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. केस जातात, तोंडात जखमा होतात, महिना-दीड महिना दवाखान्यात, आणि पुढे मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो. बाविशीच्या मुलीशी हे आधी बोलावं लागतं. शिवाय खुब्याचं हाड आधीच झिजलं असेल तर ते दुखणं राहतं.

आपल्याकडचं आशेचं म्हणाल तर दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेने सिकलसाठी स्वतःची क्रिस्पर थेरपी तयार केलीय, बिरसा १०१. बिरसा मुंडांच्या नावाने. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती जाहीर झाली आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला देण्याचा करार झाला. परदेशी किमतीच्या छोट्या अंशात ती द्यायची हाच त्यामागचा हेतू आहे. माणसांवरच्या चाचण्यांची वाट अजून चालायची आहे. आपण अशा गोष्टी करू शकतो हे दिसलंय: आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ या रक्ताच्या कॅन्सरवरच्या थेरपीला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, परदेशातल्या तसल्याच उपचाराच्या कितीतरी कमी खर्चात. वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयाने हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या, ५ पेशंटना दिलेल्या जीन थेरपीचे निकाल २०२४ च्या डिसेंबरमध्ये छापून आले.

तोवर हायड्रॉक्सीयुरिया एक दिवसही चुकवू देऊ नका, रक्ततपासणी वेळेवर. आणि तुमची तिच्याशी एचएलए जुळणी, म्हणजे प्रत्यारोपणासाठी मेळ बसतो का ती रक्ततपासणी, झालीय का? सख्ख्या भावाबहिणीचा जुळला तर अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा आजही असलेला उपाय आहे. जिल्हा रुग्णालयातून नागपूरला चिठ्ठी मागा. त्या सिस्टरचं बोलणं ऐकून मला अंगभर संताप आला. झटक्यात मॉर्फिन मागणं ही सवय नाही, तो उपचार आहे.

प्रभाकरकाका_ठाणे

डॉक्टरीणबाई, कोरियात गुडघ्यासाठी जीन थेरपीचं इंजेक्शन निघालं होतं ना? माझे दोन्ही गुडघे गेलेत. ऑपरेशन नको वाटतं.

भूलतज्ज्ञ_नाशिक

काका, निघालं होतं. इन्व्होसा. २०१७ मध्ये कोरियाने मंजूर केलं. वाढीचा एक घटक बनवणारा जीन घातलेल्या कूर्चेच्या पेशी गुडघ्यात सोडायच्या, असं ते औषध. २०१९ मध्ये तपासात कळलं की त्या कूर्चेच्या पेशी नव्हत्याच. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मूत्रपिंडाच्या पेशींच्या जातीतल्या होत्या. तोवर साडेतीन हजारांहून जास्त लोकांना ते टोचून झालं होतं. परवाना रद्द झाला आणि त्या सगळ्यांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवायची पाळी आली. सरकारी मंजुरी, कारखाना, कागदपत्रं सगळं असून हे झालं. मग नुसत्या कोटेशनच्या कागदावर काय चालत असेल!

गुडघ्यासाठी दुसरं एक काम चालू आहे, पीसीआरएक्स-२०१. सांध्यातली सूज दाबणारं प्रथिन बनवणारा जीन एका विषाणूतून गुडघ्यात. पहिल्या टप्प्यातल्या ७२ जणांत परिणाम दोन वर्षांपर्यंत दिसला, पण तिथेही तुलनेचा गट नव्हता. तुमच्यासाठी आज मांडीच्या पुढच्या स्नायूंचा रोजचा व्यायाम आणि वजन. आणि ऑपरेशनची भीती नेमकी कशाची ते सर्जनला विचारा, भूल देणाऱ्यालाही विचारा. आम्हाला कुणी विचारतच नाही.

मीनल, नव्या गोळीचं राहिलं. सुझेट्रिजिन. ३० जानेवारी २०२५ ला अमेरिकेने मंजूर केली, पण ऑपरेशननंतरच्या किंवा मार लागल्याच्या ताज्या दुखण्यासाठी. महिनोन्महिने चाललेल्या दुखण्यासाठी नाही. मागवू नका.

आईचं आता. तिची सकाळची गोळी चुकते, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतंय. चुकत-माकत घेतलेलं प्रीगाबालिन नुसतं गरगर देतं, आराम देत नाही. सकाळचा भाग कमी करून रात्रीचा वाढवता येतो का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. त्याआधी क्रिएटिनिन तपासून घ्या, कारण हे औषध मूत्रपिंडातून बाहेर जातं आणि या वयात मात्रा त्यावर ठरते. जोडीला रात्री अगदी कमी मात्रेत नॉर्ट्रिप्टिलिन चालतं का तेही विचारा. त्यासाठी ईसीजी लागेल. तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठ, लघवीला अडखळणं यांवर लक्ष ठेवा. आणि ५ टक्के लिडोकेनचा पॅच. हवा तेवढा कापून पट्ट्यावर लावायचा, १२ तास ठेवायचा, १२ तास काढायचा, फक्त धड कातडीवर. कपडा त्यावरून सरकतो, आगीला लागत नाही. माझ्याकडच्या कितीतरी पेशंट बायका पॅच लावून पुन्हा ब्लाउज घालायला लागल्या. यानेही नाही भागलं तर बरगडीखालच्या नसेला ब्लॉक, म्हणजे ती बधिर करणारं इंजेक्शन, देता येतो. सरकारी मेडिकल कॉलेजच्या भूलशास्त्र विभागात पेन ओपीडी आहे का ते बघा, तिथे हे सगळं एका एफडीच्या व्याजातही होईल.

मीनल_मिरज

मेडिकल कॉलेजला जाऊन आलो. तुम्ही सांगितलंत तसंच झालं, पॅच आणि रात्रीची १० मिलिग्रॅमची नॉर्ट्रिप्टिलिन लिहून दिली, प्रीगाबालिन रात्रीवर आणलं. तिथल्या शिकाऊ डॉक्टर मुलीने आईच्या पाठीवर कापसाचा बोळा फिरवून, कुठे चटका बसतो ते पेनाने आखून घेतलं. आजवर असं कुणी बघितलं नव्हतं. आठवडाभरात खूप फरक आहे असं नाही म्हणणार, पण रात्री झोप लागायला लागलीय. आई विचारतेय, पॅच लावलेला असताना अंघोळ चालेल का? आणि माझं वय ५१, मला नागीण होऊ नये म्हणून काही आहे का?

भूलतज्ज्ञ_नाशिक

पॅच काढूनच अंघोळ. जागा टिपून कोरडी करायची, पॅचशिवायचे १२ तास झाले की नवा. वरून गरम पाण्याची पिशवी अजिबात नको, औषध भराभर आत जातं. नॉर्ट्रिप्टिलिनला दोन-तीन आठवडे द्या, झोप आधी सुधारते, आग नंतर.

तुमच्यासाठी लस आहे, शिंग्रिक्स. २०२३ पासून भारतात मिळते, पन्नाशीनंतर घेता येते. दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिने. महाग आहे, पण घ्या. आईची सध्याची आग तिने जाणार नाही, तरी पुन्हा नागीण होऊ नये म्हणून तिलाही पुढे देता येईल, त्यांच्या डॉक्टरांना विचारून.

क्रिएटिनिनचा रिपोर्ट आला का? तो घेऊनच पुढच्या ओपीडीला जा, त्यावर प्रीगाबालिनचा डोस ठरेल.